आमायीला मारलेल्या हाका

"ही एवढ्यात कुठे परदेशी गेली होती का?" डॉक्टरांनी हे आईला विचारलं. मी खाटेवरच होते, पण आवाज विहिरीच्या तळातून यावेत तसे येत होते. आईने आफ्रिकेचं नाव घेतलं. डॉक्टर म्हणाले, "हे चार दिवसांपूर्वी कळायला हवं होतं. फॅल्सिपॅरम मलेरिया आहे, मेंदूपर्यंत गेलाय. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

त्याला सेरेब्रल मलेरिया म्हणतात. जंतूंनी भरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस बोलता बोलता भलतीकडे निघून जातो. मीही निघालेच होते.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी पेडण्यात शिवणाचे वर्ग घेत असे. एका संस्थेमार्फत वर्षभर स्वयंसेवक म्हणून मलावी देशातल्या एका खेड्यात जाऊन आले होते, तिथल्या बायकांना शिवण शिकवायला. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. गरीब गावंच बघायची तर पेडणे तालुक्यात काय कमी आहेत, असं ती म्हणाली होती.

ते खेडं समुद्राएवढ्या मोठ्या, गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी होतं. मी अ‍ॅग्नेस नावाच्या विधवेच्या घरी राहायचे. तिला सगळे आमायी म्हणत. त्यांच्या चिचेवा भाषेत आमायी म्हणजे आई. दुपारी आंब्याखाली आम्ही यंत्रं मांडायचो, आणि पाण्यावरचा वारा कापडं उडवायचा.

आता ज्यांना अशा गावांत जायचं असेल त्यांनी नीट ऐका. तिथे दर रविवारी मलेरियाची गोळी घ्यावी लागते, आणि परतल्यावरही चार आठवडे. मी घरी आल्यावर एकच घेतली. आपल्या घरी कसली गोळी, असं वाटलं.

परतल्याच्या बाराव्या दिवशी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, भर उन्हात मला हुडहुडी भरली. पेडण्याच्या डॉक्टरांना मी ताप, अंगदुखी सांगितली, प्रवासाचं बोललेच नाही. लोक आधीच म्हणत होते, मुलगी आफ्रिकेतून काहीतरी रोग घेऊन येईल. डॉक्टरांनी फ्लूचं औषध दिलं. त्यांचा काय दोष? चौथ्या दिवशी मी आईला ओळखलं नाही. शेजाऱ्यांच्या जीपमधून तिने मला इस्पितळात आणलं.

क्विनीन सलाईनमधून देतात. ते रक्तातली साखर उतरवतं, म्हणून नर्स पुन्हा पुन्हा बोट टोचायची. कानांत घणघण सुरू होते. मला वाटलं, कुठेतरी देवळात घंटा वाजतायत आणि सरोवर हळूहळू वर चढतंय. ते वॉर्डाच्या जनेलाच्या गजांपर्यंत आलं, मग आत. खाटा होड्यांसारख्या सुटल्या. पलीकडच्या होडीत आमायी शिवणयंत्र चालवत होती. पाण्यावरच शिवण टाकत ती पुढे पुढे जात होती आणि मला तिच्याकडे पोचायचं होतं. भीती अजिबात नव्हती. आज त्याचीच भीती वाटते.

आई सांगते, मी दोन दिवस "आमायी, आमायी" करत होते आणि "मादझी" मागत होते. मादझी म्हणजे पाणी, पण कोणाला कळेना. बाहेर माणसं राज्याची भाषा कोकणी की मराठी यावर भांडत होती, आणि मी तिसऱ्याच भाषेत तहानले होते. शेवटी झाडूवाल्या बाईने माझे ओठ बघितले आणि कापूस भिजवून लावला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी छताचा पंखा पंख्यासारखा दिसला. आई माझा हात धरून बसली होती. डोळे सुजलेले. "माकाच हाक मारी होतंस गो," ती म्हणाली. "मी म्हटलंय, बाय, मी हंयच आसंय."

तिचा चेहरा इतका उजळला होता की मी हो म्हणून मान हलवली.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. आई मला पेज भरवायची आणि "माकाच हाक मारी होता" हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते ऐकताना मी तोंड भिंतीकडे वळवायचे. एका दुपारी राहवलं नाही. आमायी कोण, ते सांगून टाकलं. तिथे एकदा ताप आला तेव्हा तिने तीन दिवस माझं अंग पुसलं होतं, तेही सांगितलं.

आई उठून आत गेली. मी अंथरुणात पडून स्वतःला दोष देत राहिले. ती बाहेर आली तेव्हा पदराला हात पुसत होती. तिने विचारलं, त्या बाईला मुलं आहेत का? एक मुलगी होती, तापाने गेली, मी म्हणाले.

आई खाटेच्या कडेला बसली. तिला पत्र लिही, म्हणाली, मी सांगते तसं. तिथल्या शाळेचे मास्तर आमायीला पत्रं वाचून दाखवत, म्हणून मी ते इंग्रजीत लिहून काढलं. पण आईचे शब्द असे होते:

"माझा चेडू तुका हाका मारी होता. तू लांब होतंस, म्हणान मी ओ दिलंय. राग मानू नको."