पंतप्रधान नावं सांगणार होते

माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरीही मान्य होतं आणि सासरीही. पण त्या आठवड्यात मी जेवढी चिडले, तेवढी पुन्हा कधी चिडले नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. भिलाईत भट्ट्या पेटल्या होत्या, तरी निम्मं बांधकाम चालूच होतं. सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी, माझी दीड वर्षाची मुलगी आणि सासरे राहत होतो. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामाजी म्हणायची. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून ते इथं लोखंडी गर्डर चढवणाऱ्या टोळीत लागले होते. माझा नवरा रेल्वेत फिटर, आणि त्याची बदली झालेली थेट आसामात. त्याचं पत्र आलं होतं, ‘रजा मंजूर झाली, सोमवारच्या पॅसेंजरनं निघतो.’

मंगळवारी मी सुपेल्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले, तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता की आसामात पॅसेंजर गाडीत कुणी बॉम्ब ठेवला, बहुत लोग मर गए. कुठली पॅसेंजर, कधीची, त्याला ठाऊक नव्हतं. मी भाजी तशीच टाकून घरी आले.

मामाजींनी दुर्गला जाऊन तार केली. उत्तर नाही. पेपर आला तो शिळा, त्यात ‘अनेक ठार’ एवढंच. अनेक म्हणजे कोण? हे छापणाऱ्यांच्या घरचं कुणी त्या गाडीत नसावं. गुरुवारी कळलं की संध्याकाळी पंतप्रधान रेडिओवरून देशाशी बोलणार आहेत. मामाजींचा चेहरा एकदम उजळला.

“आता समजन,” ते म्हणाले. “मोठा साहेब सोता बोलून राहिला, म्हणजे हजेरी झाली असन.”

त्यांचं म्हणणं कळायला त्यांची कामाची रीत ठाऊक हवी. कामावर जाताना प्रत्येकाला पितळेचं नंबरी टोकन मिळायचं, परतताना ते फळीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचं. साइटवर कुठं काही कोसळलं, की टोळीचा मुकादम आधी सगळ्यांना गप्प करायचा. मग धीराचे दोन शब्द बोलायचा, आणि लगेच रिकाम्या खिळ्यांची नावं एकेक करून पुकारायचा. ज्याच्या कानावर आपलं नाव पडेल त्यानं ‘हाजिर’ म्हणायचं. नाव पुकारून होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मामाजींनी आयुष्यात संकटातलं भाषण ऐकलं होतं ते एवढंच, आणि त्याच्या शेवटी नावं असत. पंतप्रधान तर सगळ्या मुकादमांचा मुकादम.

रेडिओ आमच्या ओळीत एकाच घरी होता, समोरच्या बंगाली चार्जमनकडे, म्हणजे कामगारांवरच्या छोट्या साहेबाकडे. आम्ही त्यांना बाबू म्हणायचो. एकटे राहत. मूळचे कुठले, घरी कोण, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. बंगाली म्हणजे कलकत्त्याचे, असं धरून चाललो होतो. मामाजी धुतलेला सदरा घालून तासभर आधीच तिथं गेले, रेडिओच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि नवऱ्याच्या पत्राच्या पाकिटाची कोरी बाजू गुडघ्यावर धरून पेन्सिल तयार ठेवली. मुलीला कडेवर घेऊन मी दारात उभी राहिले. अंगण माणसांनी भरलं होतं.

भाषण हिंदीत होतं. चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. धीर धरा, अफवांवर विश्वास ठेवू नका, देश झुकणार नाही, गुन्हेगारांना सोडणार नाही. लोक माना डोलावत होते. देश झुकणार नाही हे ठीक, पण माझा नवरा सोमवारच्या गाडीत चढला का? मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला ना, पुढं बोला. मामाजींची पेन्सिल कागदाला टेकलेली, तशीच.

भाषण संपलं. टाळ्या पडल्या, कुणी जयजयकार केला, माणसं धोतरं झटकत उठायला लागली.

“बसा, बसा सारे!” मामाजी ओरडले. “आता नावं सांगतीन.”

रेडिओवर सतार सुरू झाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबूंनी बटणाला हात लावला, तर मामाजींनी त्यांचं मनगटच धरलं. “बंद नोको करा. थांबा थोडं.”

“काका, खत्म हो गया,” बाबू म्हणाले, आणि रेडिओ बंद केला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हसणाऱ्यावर, भाषणातल्या त्या गोड आवाजावर, आणि खरं सांगते, मामाजींवरही. भर अंगणात मी बोलले, “चाला मामाजी घरी! त्याहिले कायचं आलं आपलं नाव मालूम?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. “मंग एवढ्या लोकाहिले काहून बसवून ठेवलं?” ते म्हणाले.

त्यानंतर कितीतरी नेत्यांची कितीतरी भाषणं ऐकली. दरवेळी तोंडाला पानं पुसलेली. त्या संध्याकाळी निघताना मी बाबूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “ज्याचं जळतं त्यालेच कळते.” दोन मिनिटं रेडिओ चालू ठेवला असता तर यांचं काय जात होतं? दुसऱ्या दिवशी नळावर ते दिसले, तर मी तोंड फिरवलं.

सोमवारी पत्र आलं. अक्षर नवऱ्याचंच. साहेबानं ऐन वेळी थांबवून घेतलं, म्हणून गाडी चुकली होती. मी पत्र छातीशी धरून ओट्यावर बसले आणि मोठमोठ्यानं हसले. मामाजी ड्यूटीवर होते. घरात होता तेवढा गूळ फोडून मी ओळीतल्या घराघरात वाटत सुटले. बाबूंच्या दाराशी थबकले, मग मुद्दाम कडी वाजवली.

“हमारा आदमी मिल गया,” मी म्हटलं. “तुम्हारे रेडिओ ने नहीं बताया.”

बाबू दाढी वाढलेले, अंगावर नुसतं पांढरं धोतर. “अच्छा हुआ, बेटी,” म्हणाले, दोन्ही हात पुढे करून गूळ घेतला आणि माझ्यासमोरच तोंडात टाकला. मी ताठ मानेनं परत आले.

संध्याकाळी मामाजी आले. पत्र तीनदा वाचलं, रडले, मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाले, “समोरच्या बाबूकडे जाऊन येतो. त्याचा लहाना भाऊ होता त्या गाडीत. शनिवारी तार आली म्हणते. दहा दिवस सुतक हाये त्याले, गोड तोंडात घालत नाही बिचारा.”