समुद्रानं परत केलेले नारळ

आमच्या मायला समुद्र बघायचा नव्हता, त्याची ओटी भरायची होती. हे मला कोकणातल्या त्या लहानशा गावात पोचल्यावर कळलं, तेही तिच्या पिशवीतून गहू, खण आणि नारळ बाहेर निघाल्यावर.

मी सहा वर्षांचा असताना आमच्या पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणात पडलो होतो. मासे धरणाऱ्या एका माणसानं केसाला धरून वर काढलं. हे पाणी शेवटी ज्या समुद्राला मिळतं त्याची ओटी भरीन, असा नवस मायनं तेव्हाच बोलला. पस्तीस वर्षं तिनं मला विहिरीच्या काठावरही उभं राहू दिलं नाही. पोहायला शिकायचं तर नावच नको.

मी शहाणपणा केला. मोबाईलवर नकाशा उघडून दाखवलं की आपली पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते पूर्वेच्या समुद्राला. हा पश्चिमेचा. तिनं जरा वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, "दोन्हीच्या मधी बांध हाय का?"

बांध नव्हता. विषय संपला.

पहिला किनारा बंदराजवळचा. मायनं हळदकुंकू वाहिलं, ओटी पाण्यात सोडली, हात जोडले. नदीत सोडलेलं वाहून जातं. इथं आम्ही वळायच्या आत लाटेनं नारळ तिच्या पायाशी आणून टाकला, पाठोपाठ खणही. मायचा चेहरा पडला. समुद्रानं घेतलं नाही, म्हणाली. मी नारळ उचलून जोर लावून लांब भिरकावला. तो पुन्हा आला.

मग सुरू झाली आमची वणवण. एकदा परत आलेला नारळ दुसऱ्यांदा वाहायचा नाही, म्हणून दर किनाऱ्याला नवा नारळ. खण मात्र घरून आणलेला एकच, तो रिक्षाच्या दांडीला वाळत घालायचा. रिक्षावाल्याला हुरूप चढला होता. त्यानं दीपगृहामागचा किनारा दाखवला, काळ्या खडकांचा दाखवला, खाडीपलीकडचाही सोडला नाही. खाडी ओलांडताना होडीत मायनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. समुद्र सगळीकडे तसाच वागला. लॉजच्या खोलीत चार नारळ जमले.

मी चार दिवसांची रजा टाकून आलो होतो. कमरेइतक्या पाण्यात एकदा उभं राहावं, एवढीच माझी इच्छा. पण नवस फिटेपर्यंत मी पाण्याला पाय लावायचा नाही, असा हुकूम होता. समोर एवढा समुद्र आणि मी आपला बूट घालून वाळूत. पाचव्या किनाऱ्यावर नारळ परत आला तेव्हा माझं डोकं फिरलं. लाट आहे ती, येणारच परत, असं मी तिच्यावर ओरडलो.

माय वाळूत बसली. "त्या दिशी पाण्यानं तुला वापस देलं," ती म्हणाली. "आन मी देलेलं ते घेईनाच. मंग मला भेव वाटनार न्हाई का?"

मला माझी लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

जवळच मासळी वाळत घालणारी एक बाई हे सगळं पाहत होती. पाणी आत्ता चढतंय, दुपारी उतरायला लागलं की सोडा, असं तिनं सांगितलं. धरणाचं पाणी उतरायला आमच्याकडे महिनेच्या महिने लागतात. समुद्राचं पाणी एका दिवसात दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, हे आम्हाला कोण सांगणार! दोन दिवस आम्ही बरोबर चढत्या पाण्यातच ओटी सोडत होतो.

दुपारी पुन्हा गेलो. सहावा नारळ दोनदा मागं सरकला, मग हळूहळू आत गेला. खण दिसेनासा झाला. नारळाचा ठिपका पुसला जाईपर्यंत माय माझं मनगट धरून बघत राहिली. मग तिनं माझं मनगट सोडलं.

"जा आता," म्हणाली. "भीज किती भिजायचं ते."

मी बूट काढले, पँट दुमडली आणि आत शिरलो. पाणी जेमतेम गुडघ्याला लागलं असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "बास झालं. ये माघारी."

मी वैतागून वळलो. माय दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लुगडं भिजवत, हात पुढं करून, माझ्या मागोमाग तीही गुडघाभर पाण्यात आली होती.