फादरना न विचारलेला प्रश्न

आज चर्चच्या अंगणात फादर आशीर्वाद म्हणून कुत्र्यामांजरांवर पवित्र पाणी शिंपडत होते. ओल्या केसांचा वास आला आणि अमेरिकेत पार्सिपनीतलं पंचाऐंशी सालचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. आमचा कुत्रा टायगर म्हातारा झाला होता, कार्पेट ओलं करायचा. नऊ वर्षांची माझी मुलगी रीटा शाळेत असताना मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शनने संपवलं. तिला सांगितलं, झोपेतच गेला.

"डॅडी, तो हेवनमध्ये भेटेल ना? फादरना विचारा."

रविवारी मी म्हणालो, "विचारलं. प्राण्यांना आपल्यासारखा आत्मा नसतो म्हणाले."

"ओके," म्हणून ती टायगरचा वाडगा विसळत राहिली. पुढे त्या उत्तरावरून तिने चर्च सोडलं, आणि दोष त्या फादरांच्या माथी राहिला.

मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर कुत्रा कसा गेला हे सांगावं लागलं असतं.