सहावा ग्लास

साखराबाईच्या लग्नात आहेर आलेला लेमनसेट कपाटातच म्हातारा झाला होता. काचेचा एक जग, सहा ग्लास, सगळ्यांवर लाल फुलं. मोठ्या पाहुण्यांसाठी राखलेला, आणि मोठे पाहुणे नांदूरघाटला कशाला येतात?

आज मात्र पाटलांची सून प्रियदर्शनी ओसरीत बसली होती. तिला जुन्या काचेच्या भांड्यांचा नाद. तिनं ग्लास उन्हात धरला, बुडाखालून बोट फिरवलं.

"काकू, असली फुलं आता छापत नाहीत. पूर्ण सेटला खरं मोल आहे. पण हे तर पाचच!"

"सहावा हाय की घरात. त्यात मालकांची कवळी हाय."

मुंजाजी गेले तेव्हा घाईगडबडीत कवळी ग्लासातच राहिली आणि माणूस बोळकाच सरणावर चढला. तेव्हापासून साखराबाई रोज सकाळी त्यातलं पाणी बदलायची. गुडघे धरून उठायचं, ते कुणासाठी, तर दातांसाठी. लई कंटाळली होती.

"मग कवळी वाटीत ठेवा ना."

साखराबाईनं आत जाऊन ठेवून पाहिली. स्टीलच्या वाटीत दात दिसेनात, वाकून डोकावावं लागलं. ग्लासात असले की कसे खाटेवरून दिसायचे, भाकरी कडक झाली म्हणून कुरकुरल्यागत. तिनं कवळी परत ग्लासात सोडली, वरून ताजं पाणी ओतलं आणि बाहेर आली.

"पाचच न्या, सूनबाई. जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. ह्यो माणूस जलमभर एका जागी टिकला न्हाई, आत्ता कुठं बसलाय."