कोरलचं मौन

माझा भाऊ गेला तेव्हा त्याची बायको कोरल गप्प झाली, आणि तशी ती व्हायलाच हवी होती. भावाचं नाव मी घेणार नाही. गेलेल्याचं नाव आम्हा वाळवंटातल्या आदिवासींत घेत नाहीत. नवऱ्यामागे बाई वर्षभर, कधी त्याहून जास्त, तोंडातून शब्द काढत नाही. बायकांच्या वेगळ्या तळावर राहते आणि हातांनी बोलते. ही हातबोली काही अपुरी नाही, तिच्यात भांडणं होतात, चहाड्या होतात, मेलेल्या नवऱ्याची उणीदुणीसुद्धा निघतात. कोरल तर हातांनी इतकी बडबडायची की मी म्हणायचे, बाई, शोक करतेयस की बाजार भरवलायस?

रोनेल ही कोरलच्या बहिणीची आणि माझ्या दुसऱ्या भावाची मुलगी. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. हिची माय खरंच मेली, मूत्रपिंडं निकामी होऊन, आणि कोरलनं तिला वाढवलं. मावशीला आम्ही आईच म्हणतो. पोरगी हुशार निघाली, दक्षिणेला शहरात डॉक्टरकी शिकायला गेली. का गेली ते सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. ती शाळेत असताना तिची आजी, कोरलची आई, अशीच मौनात होती. पाय चिघळला म्हणून म्हातारीला मोठ्या दवाखान्यात नेलं. ती बोलेना, मान वर करेना, तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की हिचं डोकं फिरलंय. वेड्यांची औषधं देऊन तिला अशी झोपवली की ती परत आलीच नाही. रोनेल पलंगाशी उभी राहून सांगत होती, आजी वेडी नाही. पोरीचं कोण ऐकतं?

पुढे कॉलेजात हीच हकीकत सांगून तिनं भल्याभल्या प्राध्यापकांना खाली बघायला लावलं. आमच्या माणसांना आमच्या रीतींसकट तपासा, एवढंच तिचं मागणं. मला तिचा फार अभिमान होता. अजून आहे.

चौथ्या वर्षाला ती शिकाऊ म्हणून आमच्याच वस्तीच्या दवाखान्यात आली. मी तिथे मदतनीस आहे. हेदर नावाची नर्स नवीनच आली होती. गोरी, घाबरट, पण कष्टाळू. एका सकाळी ती रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला तळावर गेली आणि कोरलला गाडीत घालूनच परतली. मला हिचं लक्षण ठीक दिसत नाही, म्हणाली. विमान बोलावून शहरात डोकं तपासायला पाठवू या.

रोनेल ताडकन उठली. "ती बोलत नाही म्हणून तुला ती आजारी वाटते?"

"बोलण्याचं नाही गं. तिची नजर बघ जरा."

"ती तुझ्याकडे बघणारच नाही. विधवा आहे ती, शोकात आहे. माझ्या आजीला असंच नेलं होतं तुम्ही लोकांनी. ही माझी आई आहे. जिथून आणलीस तिथे नेऊन सोड."

हेदर लाल झाली, माफी मागितली आणि कोरलला परत सोडून आली. मलाही बरं वाटलं. कुणीतरी यांना चार शब्द सुनावले. रोनेलनं मात्र कोरलला हात लावून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हेदरला तेवढा मान दिल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी आणि चहा घेऊन तळावर गेले. बायका म्हणाल्या, कोरल आमच्यावर रुसलीय, हातांनीही बोलत नाही. तिचा उजवा हात मांडीत पडला होता. मला बघून तिनं डावा हात उचलला आणि एक खूण केली. तशी खूण आमच्या बोलीत नाहीच. तिनं तीच पुन्हा केली, आणि पुन्हा. मी चहा तोंडाशी धरला तर तो ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला. मी पेला तिथेच टाकून धावत सुटले.

रोनेल येऊन तिच्यापुढे बसली. दोन्ही हात वर कर आई, म्हणाली. एकच वर गेला. कधीपासून असं आहे, तिनं बायकांना विचारलं. काल सकाळपासून, शोकातल्या एकीनं हातांनी सांगितलं. आम्हाला वाटलं, दुःख वाढलं असेल.

काल सकाळपासून. म्हणजे हेदरनं आणलं होतं तेव्हा वेळ गेलेली नव्हती.

विमान आलं, पण शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत गुठळी झाली होती, तिच्यावरचं औषध पहिल्या काही तासांतच चालतं. तुम्ही राहता दूर, दोष कुणाचाच नाही, म्हणाले. रोनेल म्हणाली, मी जवळच होते.

कोरल परत आली ती बोलीही हरवून आणि हातबोलीही. रोनेलनं कॉलेज सोडलं. तिला न्हाऊ घालायची, भरवायची. दवाखान्यात ये म्हटलं तर म्हणायची, मी आता कुणाला तपासणार नाही.

शोकाचं वर्ष सरलं. विधवेचं तोंड उघडायचं काम गेलेल्याच्या बहिणीचं, म्हणजे माझं. नको करू या, रोनेल म्हणाली. मी ऐकलं नाही. नाहीतर कोरल माझ्या भावाच्या मरणात अडकून राहिली असती. सगळ्या बायका जमल्या. मी तिच्या ओठांना मांस लावलं, ते चावलं की मौन सुटतं. ते खाली पडलं. बायका तिच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत राहिल्या, आणि मग एकेक करून रडू लागल्या.

तेव्हा रोनेल आमच्यापुढे येऊन बसली आणि तिनं मान खाली घातली. याचा अर्थ आम्हाला सांगावा लागत नाही. ज्याच्या हातून घडलं त्यानं असं यायचं, फटका खायचा, म्हणजे ते फिटतं, आणि तो पुन्हा आमच्यात बसतो.

कुणी उठेना. कोरलच्या थोरल्या बहिणीनं हातातली काठी खाली ठेवली. डॉक्टरणीला कोण मारणार, पुटपुटली.

"ऊठ पोरी," मी म्हणाले. "उद्या आम्हाला कोण बघणार?"

"मारा ना, आत्या. मी काय गोरी आहे?"

तिला मोठी करता करता आम्ही तिला आमच्या कायद्याबाहेर बसवलं होतं. तरी माझा हात काही उठला नाही.

कोरलचा उठला. डाव्या हातानं तिनं चाचपत ती काठी ओढली आणि रोनेलच्या खांद्यावर हाणली. जोर कसला असणार. काठी निसटून धुळीत पडली. रोनेलनं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं.

त्या आठवड्याच्या गाडीनं ती कॉलेजला परत गेली. शहरातले डॉक्टर म्हणतात, कोरलला आता काही कळत नाही. आम्ही इतक्याजणी तिच्या हाताशी बसलो होतो. तिनं मारलं ते तिच्या लेकीलाच.