निळ्या कागदाची पाठ

दातांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेल्या माणसाने मासिक उघडावं आणि नटीच्या जागी नटीच्याच आकाराचं भोक निघावं, असा प्रकार याच एका दवाखान्यात. काउंटरवरच्या ताईंची करामत! डॉक्टरांनी आधी समजावलं, मग ते चिडले, शेवटी त्यांनी हात टेकले. "निदान जुनी झाल्यावर कापत जा हो," एवढीच विनंती उरली. ताईंच्या लेखी मासिक दुसऱ्या दिवशीच जुनं होई.

कापलेल्या कागदांची घरी कोलाज व्हायची, आणि तसल्याच कागदांच्या पाठीवर कविता. कोरी वही समोर आली की बाईंची बोबडी वळे. म्हणून जाहिरातीची मागची बाजू, पाकिटाची आतली बाजू, जागा मिळेल तिथे लिहायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, एका ठिकाणी उतरवून ठेव, पस्तावशील एक दिवस." ताई "हो हो" म्हणायच्या. झालं, विषय संपला.

आई गेल्यापासून मात्र कविता रुसली होती. आजारपणात आई ताईंकडेच होती. धाकटी बहीण दूरगावी नोकरीत अडकलेली, ती वेळेवर पोचलीच नाही. "आई माझ्यावर रागावूनच गेली," हे तिने मनात असं घट्ट धरून ठेवलं होतं की सोय नाही. खरं तर सगळं उलटंच होतं. शेवटी शेवटी आईला ताई ओळखूच येईनाशा झाल्या. दिवसरात्र उशाशी बसणाऱ्या ताईंना ती धाकटीच्या नावाने हाक मारायची. हे धाकटीला सांगायलाच हवं होतं, पण ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. ते सांगायचं म्हणजे आई आपल्याला विसरली हेही सांगायचं. कुणाच्याही जिवाला लागेल हो!

वर्ष उलटल्यावर एका दुपारी कविता आपसूक आली. टूथपेस्टच्या जाहिरातीच्या मागे, शाईच्या पेनाने, एका बैठकीत. ताई ढसाढसा रडल्या आणि मग शांत झोपल्या. धाकटी तेव्हा नुकतीच बदली होऊन याच शहरात आली होती, घर लावत होती. तिच्या हातात ही कविता द्यायची, बस्स, ठरलं. आणि भिंतीसाठी एक कोलाज.

आता गंमत बघा. कोलाज करताना ताई कागदाचा रंग तेवढा बघतात, पाठ नाही. आकाशाला निळा कमी पडला. जाहिरात निळीशार, हाताशीच पडलेली. चालली कात्री! कोलाज धाकटीच्या भिंतीवर जाऊन बसलं. मग कवितेसाठी घर पालथं घातल्यावर ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी स्वतःचीच कविता खळ लावून चिकटवली होती. नवऱ्याने एक कोरी वही तेवढी पुढे सरकवली. ते जास्त लागलं.

ओळी काही केल्या आठवेनात. चिमटा आणि स्पंज घेऊन ताई तडक धाकटीच्या दारात.

"आकाश काढायचंय."

"ताई, वेडबिड लागलंय का? दिलेलं कुणी परत घेतं?"

"त्याच्या मागे तुझं काहीतरी आहे गं."

कुरकुरत का होईना, धाकटीने चौकट उतरवली. दोघी जमिनीवर फतकल मारून बसल्या. ओल्या स्पंजने कागद फुगला, हळूहळू सुटला. पाठीवर शाईचा नुसता चिखल. एक अक्षर लागेल तर शपथ! ताईंनी चिमटा खाली ठेवला. रडू यायचंच बाकी होतं.

"एवढं काय होतं त्यात?" धाकटी म्हणाली. "तोंडानेच सांग ना. मला मेलीला कुठे कविता कळतात?"

ताई स्पंज पिळत म्हणाल्या, "आई मला ओळखायची नाही. तुझ्या नावाने हाक मारायची. पाणी मागायची ते तुझ्याकडे, केसांवरून हात फिरवायची तो तुझ्या. राग नव्हता गं, अजिबात नव्हता. तू आली नाहीस हे तिला कळलंच नाही. तिच्या लेखी तू तिथेच होतीस."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते तिने मनगटाने पुसलं. मग हळूच म्हणाली, "आणि तू? तू काय म्हणायचीस तेव्हा?"

"काय म्हणणार? ओ द्यायचे. तुझ्यासारखा आवाज काढून."

धाकटीने ताईंना जवळ ओढलं आणि दोघी मोकळ्या गळ्याने रडल्या.