वरचा मजला भाड्याने देणे आहे

घर बघायला आलेल्या माणसाला गयाकाकू आधी घर दाखवत नसत. त्याला ओसरीवर बसवत, तांब्याभर पाणी देत आणि म्हणत, "जाहिरात हाय ना तुझ्या फोनमधी? वाच बरं. मोठ्यानं वाच."

आम्हीही वाचली. बदली होऊन संभाजीनगरात आलो होतो, आणि तोवर माझा आणि बायकोचा जाहिरातींवरचा विश्वास पार उडाला होता. 'प्रशस्त बेडरूम' म्हणजे जिथं कपाटाचं दार उघडायला पलंगावर चढावं लागे. 'क्रांती चौकापासून पाच मिनिटे' हे अंतर बहुधा विमानानं मोजलेलं असायचं. 'भरपूर पाणी' लिहिणाऱ्या एका मालकानं आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी टँकर मागवून टाकी भरली होती. हे आम्हाला शेजारणीनं सांगितलं, तेही हळूच.

अशात ही एक जाहिरात सापडली. काकूंसमोर मी ती वाचू लागलो. "वरचा मजला भाड्याने देणे आहे. दोन खोल्या. जिना उभा आहे, म्हाताऱ्या माणसांना जमणार नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, कधी तेही येत नाही. उन्हाळ्यात दुपारी वर बसवत नाही. जात-धर्म विचारणार नाही, माणूस नीट असावा. खाली आई एकटी असते. येता-जाता तिला हाक मारावी."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "द्यायचं नाय, बाबा. लिव्हणारा गेला."

विलास त्यांचा एकुलता एक मुलगा. वाळूजच्या एका कारखान्यात होता. वरचा मजला त्यानंच बांधला, आणि जाहिरात टाकून महिना व्हायच्या आत कामावरून परतताना ट्रकखाली गेला. ऐकून वाईट वाटलं, पण उन्हात तीन रिक्षा बदलून आलो होतो. मी चिडूनच म्हणालो, "मग ही खोटी जाहिरात ठेवलीत कशाला?"

"खोटी नाय रे," काकू म्हणाल्या. "जुनी हाय."

त्यांनीच मग समोरच्या घरमालकाकडे शब्द टाकला आणि आम्ही त्यांचे शेजारी झालो. काकू मूळच्या देवगाव रंगारीच्या. नवरा लवकर गेलेला. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण कुणाला उपाशी जाऊ देणार नाहीत. मुलाला त्या 'इलास' म्हणत. त्याचा फोन देव्हाऱ्याशेजारी कायम चार्जिंगला लावलेला असे. दर महिन्याला त्यावर जाहिरातवाल्यांचा निरोप यायचा, 'ही जागा अजून उपलब्ध आहे का?' हिरव्या बटणावर बोट ठेवलं की जाहिरात राहते, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. काकू हिरव्यावर बोट ठेवत आणि फोनला सांगत, "हाय." चौकशीचा फोन आला तरी "या की" एवढंच म्हणत.

त्यांना वाचता येत नव्हतं. हे कळल्यावर मी म्हणालो, "काकू, मी रोज वाचून दाखवतो की. लोकांना कशाला हेलपाटा?"

"तू वाचशील ते माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "येनारा वाचतो तवा इलास त्याला सांगत असतो. मी बाजूला बसून ऐकते."

मला त्यांचा राग येई, आणि राग आल्याची लाजही वाटे.

मग एका दुपारी सिल्लोडहून एक तरुण आला. बायको इथल्या दवाखान्यात होती. दुखणं लांबणारं होतं, डॉक्टरांनी जवळपास खोली घ्यायला सांगितलं होतं. मी काकूंकडे चहा घेत होतो. त्यानं जाहिरात वाचली. 'जात-धर्म विचारणार नाही' या वाक्यावर जरा थांबला, मग पुढचं वाचलं. काकूंनी सगळ्यांना विचारत तसं विचारलं, "नाव काय, बाबा?"

"रफिक."

"द्यायचं नाय, बाबा. लिव्हणारा गेला."

तो उठून उभा राहिला. "अम्मा, फोनवर खोली होती. नाव सांगितलं अन् गेली."

"तसं नाय रे. माझं पोरगं..."

"कुणाचा भाचा येणार असतो, कुणाचा जावई येणार असतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मेलेलं पोरगं मात्र आज पहिल्यांदा ऐकलं."

मी मधे पडलो, खरंच तसं झालंय म्हणून सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणणारच, साहेब." चपला घातल्या आणि निघून गेला. पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी विलासचा फोन घेऊन माझ्या दारात आल्या. "त्या पोराला लाव. म्हनावं, ये. चावी देते." मी म्हटलं, "काकू, विलासचं सामान आहे वर." "असू दे. माझ्या इलासला त्यानं लबाड म्हटलं. मीच म्हनायला लावलं."

मी फोन लावला. रफिकनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता नको, भाऊ. काल तिला माती दिली."

काकूंना मी ते सांगितलं. महिन्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं, जाहिरात एकदा वाचून घेतली आणि दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. जाहिरात गेली. मी म्हणालो, "नवी लिहू या. कुणा गरजूला द्या खोली." त्यांनी मान हलवली. "ज्याला पायजे हुती त्याला नाय म्हनले. आता कोनत्या तोंडानं हाय म्हनू?"

त्यानंतर त्या ओसरीवर बसेनाशा झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळल्या. शेवटी शेवटी अन्नही जाईना. एका संध्याकाळी त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं. "वाच," म्हणाल्या.

वाचायला काही उरलं नव्हतं, पण मला ते पाठ होतं. जिना म्हटला, नळ म्हटला, उन्हाळ्याची दुपार म्हटली. एक वाक्य मी मुद्दाम गाळलं, जाताना त्यांना त्रास नको म्हणून, आणि सरळ आईवर आलो.

काकूंनी डोळे उघडले. "मधलं खाल्लंस."

"राहू द्या ना, काकू."

"त्यानं लिव्हलंय," त्या म्हणाल्या. "म्हन."

मी म्हटलं, "जात-धर्म विचारणार नाही. माणूस नीट असावा."

"हां," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. शेवटचं वाक्य, येता-जाता आईला हाक मारावी असं विलासनं लिहिलेलं, त्यांनी मला म्हणूच दिलं नाही.